दोन काळांतले फलंदाज एका वहीत

नववीच्या वर्गात सांख्यिकीचा धडा आला की कुणीतरी विचारतंच, "सर, गावसकर मोठा की सचिन?" मग मी मुलांना स्कोअरकार्डं उतरवून काढायला बसवतो. मी स्वतः गेली कित्येक वर्षं चौकटींच्या वहीत हेच करत आलोय. ज्या क्रमाने करतो, त्याच क्रमाने सांगतो.

सरासरीकडे बघण्याआधी डाव मोजा. विनोद कांबळीची कसोटी सरासरी ५४.२० आहे आणि सचिनची ५३.७८. पण कांबळीचे डाव २१, सचिनचे ३२९. दोघांच्याही सर्वांत मोठ्या दोन खेळी बाजूला काढून बघा. सचिनच्या २४८ आणि २४१, दोन्ही नाबाद, वजा केल्या तरी सरासरी ५२.१ उरते. कांबळीच्या २२४ आणि २२७ काढल्या की ती ३५ वर येते. त्या दोन खेळींची किंमत यामुळे कमी होत नाही, त्या अप्रतिमच होत्या. पण २१ डावांवरून आयुष्यभराचा निकाल लावता येत नाही, एवढं कळतं. मी साधारण ५० डावांखाली कुणाला तुलनेत घेत नाही.

दुसरी नोंद नाबाद डावांची, कारण सरासरी काढताना धावांना डावांनी नाही, बाद झालेल्या वेळांनी भागतात. ब्रायन लारा २३२ डावांत फक्त ६ वेळा नाबाद राहिला, स्टीव्ह वॉ २६० डावांत ४६ वेळा. सरासरी बघाल तर ५२.८८ आणि ५१.०६, म्हणजे जवळजवळ बरोबरी. दर डावामागे धावा काढल्या तर लारा ५१.५ आणि वॉ ४२.०. वॉ बराच काळ पाचव्या-सहाव्या क्रमांकावर यायचा, समोरचे गडी संपायचे, त्यामुळे दुसरा आकडा त्याच्यावर थोडा अन्याय करतो. म्हणून दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहायचे आणि क्रमांकही नोंदवायचा.

आता खरं काम. सरासरी फोडायची. गावसकरचं वेस्ट इंडिजविरुद्धचं रेकॉर्ड आमच्या घरात देवघरातल्या समईसारखं जपलं जायचं: २७ कसोटी, २७४९ धावा, १३ शतकं, सरासरी ६५.४५. वडील हा आकडा सांगताना पुढे "मार्शल, होल्डिंग, रॉबर्ट्स" ही वेस्ट इंडिजच्या वेगवान गोलंदाजांची नावं हमखास जोडायचे. मी मालिकेवार मांडून बघितलं. १९७१ मध्ये ४ कसोटींत ७७४, सरासरी १५४.८०. १९७८-७९ मध्ये ६ कसोटींत ७३२, सरासरी ९१.५०. पहिल्या मालिकेत तो चौघा वेगवान गोलंदाजांचा तोफखाना अजून जन्मायचा होता आणि दुसऱ्या वेळी मुख्य खेळाडू केरी पॅकरच्या खासगी स्पर्धेत गेलेले होते. मार्शल होता, पण अगदी कोवळा. या दोन मालिका बाजूला ठेवल्या की उरतात १७ कसोटी, १२४३ धावा, २९ वेळा बाद. सरासरी ४२.८६.

वडिलांना हे दाखवताना माझा जीव कासावीस झाला होता. पण त्यांनी शांतपणे विचारलं, "त्या सतरांत बाकीच्यांनी काय केलं?" मला आजवर शिकवलेलं सर्वांत मोलाचं सांख्यिकी त्या एका वाक्यात आहे. ४२.८६ कमी की जास्त, हे त्याच गोलंदाजांसमोर उभ्या राहिलेल्या त्याच्या सोबत्यांना विचारायचं. बाकीचं सगळं नंतर.

रीत अशी. एक सामना घ्या. संघाच्या धावांतून आपल्या फलंदाजाच्या धावा वजा करा, पडलेल्या गड्यांतून तो बाद झालेला वेळा वजा करा, भागाकार करा. नमुन्याला हेडिंग्ले, जून १९८६ घ्या. भारत २७२ आणि २३७, इंग्लंड १०२ आणि १२८, चारही डाव सर्वबाद. दिलीप वेंगसरकर ६१ आणि नाबाद १०२. इंग्लंडच्या अख्ख्या संघाने पहिल्या डावात जेवढ्या केल्या तेवढ्या धावा वेंगसरकरांनी दुसऱ्या डावात एकट्याने केल्या. भारताच्या ५०९ मधून त्यांच्या १६३ काढल्या की ३४६ उरतात, गडी १९. म्हणजे सोबत्यांची सरासरी १८.२, तीही अवांतर धावा धरून. इंग्लंडची ११.५. या दोन आकड्यांत फरक पडतो, कारण गोलंदाज वेगळे. म्हणून मोजपट्टी शक्यतो स्वतःच्याच संघाची धरावी, आणि पहिल्या सात जणांचीच. अकराव्या क्रमांकाच्या गोलंदाजाशी तुलना करून कुणीही मोठा दिसतो.

एका सामन्याचं गुणोत्तर लिहू नका, ते भलतंच फुगतं. निदान एक पूर्ण मालिका घ्या, मग दौरे जोडत जा. फलंदाजाची सरासरी भागिले सोबत्यांची सरासरी, हा जो आकडा येतो तोच एका काळातून दुसऱ्या काळात नेता येतो. नुसती सरासरी नेता येत नाही. १९३५ पर्यंत ऑफ स्टंपबाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवर पायचीतच देत नसत. गावसकर कारकिर्दीच्या शेवटी टोपीखाली छोटी फायबरग्लासची कवटी घालून खेळले, पूर्ण हेल्मेट नाहीच. हे सगळं सोबत्यांच्या आकड्यात आपोआप येतं.

ऑस्ट्रेलियाच्या डॉन ब्रॅडमनलाही हीच रीत लावा. सरासरी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २०१.५०, भारताविरुद्ध १७८.७५, आणि सगळे सामने फक्त दोन देशांत. ते सोडा, नुसतं इंग्लंड घ्या: ३७ कसोटी, ८९.७८. इंग्लंडने अंगावर चेंडू टाकलेल्या बॉडीलाइनच्या मालिकेत ५६.५७. त्यांची सगळ्यात वाईट अवस्था म्हणजे इतर महान फलंदाजांची नेहमीची. इथे वाद घालायला मला जागा दिसत नाही.

अडचण येते ती विजय मर्चंट यांच्यापाशी. १९३३ ते १९५१, अठरा वर्षांत फक्त १० कसोटी, १८ डाव, सगळे इंग्लंडविरुद्ध, सरासरी ४७.७२. माझ्याच ५० डावांच्या नियमाने ते बाहेर पडतात आणि ते मला पटत नाही, कारण मधली वर्षं महायुद्धाने खाल्ली. अशा वेळी प्रथम श्रेणीकडे, म्हणजे कसोटीसकट सगळ्या मोठ्या अनेक-दिवसीय सामन्यांकडे जायचं: १३,४७० धावा, सरासरी ७१.६४. घरच्या पाटा खेळपट्ट्यांवरच्या धावा आहेत असं कुणी म्हणालं, तर १९४६ चा इंग्लंड दौरा वेगळा काढा. २३८५ धावा, सरासरी ७४.५३. त्यांच्यासाठी मी वहीत वेगळं पान ठेवलंय, आणि वर पेन्सिलने लिहिलंय, "सोबती: हजारे, मोदी, मुश्ताक अली". त्या दौऱ्यातल्या या तिघांच्या धावा एकेक सामन्याने उतरवायचं काम चालू आहे.