छंदाची क्रियापदे : आपल्या छंदाचा ललित लेखनासाठी उपयोग कसा करावा

छंद आणि लेखन यांची सांगड घालायची म्हटले की नवा लेखक बहुधा छंदावरच लिहायला बसतो. पक्षी पाहणारा पक्ष्यांवर कविता करतो, नाणी जमवणारा नाण्यांचा इतिहास सांगू लागतो, आणि दुसऱ्या पानावर पोहोचेपर्यंत वाचकाला आपण माहितीपुस्तिका वाचत आहोत की काय अशी शंका येते. म्हणून माझी पहिली सूचना अशी की, निदान सुरुवातीला छंद हा विषय बाजूला ठेवावा आणि त्याची क्रियापदे तेवढी उचलावीत.

एका वहीत आपल्या छंदातील वीस क्रियापदे लिहून काढावीत. विशेषणे आणि वस्तूंची नावे सहज सुचतात. क्रियापदांसाठी मात्र हात प्रत्यक्ष काय करतात ते आठवावे लागते. लातूरकडची माझी मावशी हौसेने वाकळ शिवते. जुनी लुगडी आणि धोतरे ती एकावर एक अंथरते, कडा दुमडते, चार कोपरे टाचते, सुईत दोरा ओवते, कडेपासून आत आत धावदोरा घालत जाते, चुकलेली ओळ उसवते आणि जिथे कापड विरले असेल तिथे ठिगळ लावते. ही यादी समोर ठेवून शिवणकामाशी काडीचाही संबंध नसलेला प्रसंग लिहायचा, उदाहरणार्थ दोन भावांमधील शेताची वाटणी. ‘वाटणी झाली आणि भाऊ दुरावले’ हे वाक्य कोणीही लिहील. वाकळ पाहत वाढलेला लेखक कदाचित असे लिहील : ‘सातबारा वेगळा झाला, तरी दोन्ही घरे एकाच आडाच्या पाण्यावर टाचलेली राहिली; उसवली ती आड आटला त्या वर्षी.’ येथे वाकळीचा उल्लेखही नाही, पण तिची दृष्टी आहे. असे शब्द एका पानात एक-दोनदाच वापरावेत, एरवी कारागिरी दिसू लागते आणि माणसे दिसेनाशी होतात.

दुसरी गोष्ट निरीक्षणाची. पैठणजवळचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांनी भरतो. तेथे पहाटे दुर्बीण घेऊन बसणाऱ्याला फार लवकर कळते की ‘थवा आकाशात झेपावला’ हे वाक्य न पाहताही लिहिता येते. पाहणाऱ्याला दिसतो तो चांदवा, ज्याला आपल्याकडे वारकरीही म्हणतात : अंगाने काळा, कपाळावर पांढरा टिळा, आणि उडण्याआधी पाण्यावर पाय आपटत लांबपर्यंत धावणारा. उडण्यापूर्वीची ती धांदल लेखकाच्या कामाची आहे, कारण घर सोडून निघालेल्या माणसाची धांदलही तशीच असते. चक्रवाकाचे उदाहरण याहून बोलके आहे. संस्कृत काव्यात चक्रवाकाची जोडी रात्री एकमेकांपासून दुरावते. काठावर बसणाऱ्याला मात्र हाच पक्षी जोडीजोडीने वावरताना दिसतो. हा संकेत वापरायला माझी हरकत नाही, परंतु आपण डोळ्यांनी पाहिलेले वापरतो आहोत की पाठ झालेले, एवढे लिहिताना माहीत असावे. यासाठी वहीचे पान उभे विभागून डावीकडे ‘पाहिले’ आणि उजवीकडे ‘वाटले’ असे लिहावे आणि पहिला मसुदा केवळ डाव्या बाजूवरून करावा.

नाणी, जुनी तिकिटे किंवा दस्तऐवज जमवणाऱ्यांची अडचण उलटी असते. त्यांच्याकडे माहिती इतकी असते की कथेला श्वास घ्यायला जागा उरत नाही. समजा, तुमच्याकडे चारमिनारचे चित्र असलेला हाली रुपया आहे आणि कथा 1948 सालच्या परभणीत घडते. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले, इंग्रजी अमलातील रुपयाला लोक कलदार म्हणत, आणि सात हाली रुपये म्हणजे सुमारे सहा कलदार असा हिशेब होता. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाने शरणागती पत्करली, तरी त्यानंतरही काही वर्षे हाली नाणे चालत राहिले. हे सारे निवेदकाने सांगितले की कथा थांबते. तेच एखाद्या गरजू पात्राच्या तोंडी घालावे. मुलीच्या लग्नासाठी हालीत उसने घेतलेला बाप आणि परतफेड कलदारात मागणारा सावकार समोरासमोर उभे केले की सात आणि सहा यांमधला फरक वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. संग्राहकाला तारीख आणि टांकसाळ पडताळून पाहण्याची सवय असते, तिचाही येथे उपयोग होतो. पडताळणी मात्र पडद्यामागे राहिलेली बरी.

पखवाज वाजवणाऱ्यांना किंवा भजनी मंडळात टाळ धरणाऱ्यांना एवढेच सांगेन की, लिहिलेला परिच्छेद मोठ्याने वाचावा आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कोठे येते ते पाहावे. तुमच्या कानाला ते आपोआप कळते.

एक धोका मात्र सांगितला पाहिजे. मध्यंतरी मी लेखनाला काहीतरी मिळावे एवढ्याच हेतूने नाथसागरावर जाऊ लागलो होतो. त्या दोन-तीन महिन्यांच्या नोंदी आज वाचवत नाहीत. प्रत्येक बगळ्याला काहीतरी अर्थ चिकटवलेला आहे. तेव्हापासून काठावर वही नेत नाही, घरी परतल्यावर रात्री लिहितो, आणि रात्रीपर्यंत जे विसरले जाते त्याच्याबद्दल हळहळत नाही. ज्यांचा छंद मोजमापाचा आहे, त्यांनी आकडे जागेवरच टिपावेत, कारण आकड्यांवर रात्री भरवसा ठेवता येत नाही.

मसुदा पुरा झाला की तो दोघांना दाखवावा : एक त्याच छंदातला आणि एक त्याचा गंध नसलेला. छंदाबाहेरच्या वाचकाने जेथे कंटाळा आला तेथे फक्त खूण करावी. आपण त्याला कारण विचारू नये; तो सौजन्यापोटी काहीतरी बरे सांगेल. छंदातला वाचक चुका काढील, आणि त्या लहान असल्या तरी दुरुस्त कराव्यात. माझ्या एका कथेत म्हातारी दिव्याखाली दाभणाने वाकळ शिवत बसली होती. मावशीला ती वाचून दाखवली, तेव्हा शेवटाबद्दल ती अवाक्षरही बोलली नाही. ‘‘दाभणानं व्हय रे बाबा? दाभण पोत्याला असतंय. लुगड्याला भोकं पडतेत की,’’ एवढे बोलून तिने आपली सुई माझ्या हातात दिली.