हनुक्काच्या आठ रात्री आणि संस्कृती जपणारी माणसे

ज्यूंचा आठ रात्रींचा दिव्यांचा सण हनुक्का म्हटले की बंडाचा नेता यहुदा मक्काबी याचे नाव सर्वांत आधी ओठांवर येते आणि ते योग्यच आहे. मात्र ज्या अंतियोखस चौथा या ग्रीक राजाविरुद्ध मक्काबी लढले, त्याने शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासूनचा साप्ताहिक विश्रांतिदिन) पाळण्यावर आणि सुंता करण्यावर बंदी घातली होती. हे ध्यानात घेतले, तर इ.स.पू. १६४ मध्ये जेरुसलेमचे मंदिर पुन्हा पवित्र करण्यात आले, तो विजय एका जीवनपद्धतीचाही होता हे कळते. म्हणून दर रात्री ज्यूंची भाषा, ग्रंथ किंवा स्मृती जपणाऱ्या एका व्यक्तीचे स्मरण करावे.

निवड करताना नोबेल विजेत्यांची यादी काढण्याचा मोह टाळावा. यशस्वी ज्यू पुष्कळ आहेत. पण मुलांना आपलेपणा वाटतो तो त्या माणसाने आपल्या ज्यू असण्याचे काय केले, हे समजल्यावर.

आधी शमाश, म्हणजे इतर मेणबत्त्या पेटवण्याची मेणबत्ती, पेटवावा, आशीर्वाद म्हणावेत, सर्वांत डावीकडील नवी मेणबत्ती प्रथम लावावी आणि मगच गोष्ट सांगावी. हनुक्कियाच्या (हनुक्काच्या दीपदानाच्या) ज्योतींचा उजेड वाचनासारख्या कामाला वापरायचा नसतो, म्हणून खोलीत दुसरा दिवा हवा. मेणबत्त्या साधारण अर्धा तास जळतात. कथन तेवढ्यातच संपवावे.

पहिल्या रात्री एलिएझेर बेन-येहुदा (१८५८–१९२२) घ्यावेत, असे मी आग्रहाने सुचवीन. १८८१ मध्ये ते जेरुसलेमला आले आणि प्रार्थनेत व ग्रंथांत उरलेली हिब्रू त्यांनी स्वतःच्या घरात रोजच्या बोलण्यात आणली. शब्दकोशाला ‘मिलोन’ हा शब्द त्यांनीच घडवला. त्या रात्री मेणबत्त्या विझेपर्यंत घरातल्या वस्तूंची हिब्रू, यिडिश (पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा) किंवा लादिनो (मूळ स्पेनमधील ज्यूंची भाषा) नावेच वापरावीत. चुकले तरी हरकत नाही, पण प्रयत्न मोठ्यांनीही करावा.

इमॅन्युएल रिंगेलब्लुम यांच्यासाठी संपूर्ण संध्याकाळ राखावी. नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वॉर्सा घेट्टोत, मृत्यू समोर दिसत असताना, या इतिहासकाराने सहकाऱ्यांसह दैनंदिन्या, निबंध, भित्तिपत्रके आणि मिठाईचे वेष्टनसुद्धा जमवले. हा संग्रह धातूच्या पेट्यांत व दुधाच्या कॅनमध्ये घालून जमिनीत पुरला गेला, आणि त्याचे दोन भाग १९४६ व १९५० मध्ये सापडले. ही गोष्ट ऐकल्यावर प्रत्येकाने घरातील वडीलधाऱ्यांची एक आठवण लिहून एका पेटीत ठेवावी. लेखन शब्बाथला वर्ज्य असल्यामुळे यासाठी शुक्रवारची रात्र निवडू नये.

शुक्रवारी हनुक्काच्या मेणबत्त्या शब्बाथच्या मेणबत्त्यांआधी लावाव्या लागतात. त्या रात्री नुसत्या तोंडी कथनाने भागेल अशी व्यक्ती घ्यावी. सोळाव्या शतकातील ग्रासिया नासी त्यासाठी उत्तम आहेत. लिस्बनमध्ये जन्मलेल्या या स्त्रीने कॅथलिक धर्मन्यायालयाच्या तावडीतून अनेक ज्यूंना निसटण्यास मदत केली आणि शेवटी कॉन्स्टँटिनोपलमध्ये उघडपणे ज्यू म्हणून जगली. ट्युनिशियासारख्या उत्तर आफ्रिकेतील ज्यू समाजांत ज्यू पंचांगातील तेवेत महिन्याच्या आरंभी मुलींचा सण साजरा होतो. तो हनुक्कातच येतो, म्हणून त्या सणाच्या रात्री कथन मुलींकडे सोपवावे.

आठवी रात्र घरच्या माणसाची असावी: प्रार्थनेची एखादी चाल जपणारी आजी, किंवा देश सोडताना पुस्तके सोबत घेणारे आजोबा. त्यांच्याविषयी आदल्या दिवसांत लिहून ठेवलेली पाने त्याच पेटीत बंद करावीत आणि पुढच्या वर्षी पहिली मेणबत्ती लावण्याआधी ती उघडावी.