कलाकाराचे वय पात्राला शोभते का, हे कसे पडताळावे

चित्रपटमालिका पुढे सरकते तसे ‘नट फार थोराड दिसतो’ असे प्रेक्षक म्हणू लागतात. ते कितपत खरे आहे हे पाहण्यासाठी प्रत्येक भागापुढे तीन रकाने आखावेत : पात्राचे कथेतील वय, चित्रीकरणाच्या वेळचे कलाकाराचे वय आणि दोहोंतील फरक. प्रदर्शनाची तारीख धरू नये. चित्रीकरण त्याआधी कित्येक महिने उरकलेले असते आणि वाढत्या मुलांच्या बाबतीत तेवढ्यानेही हिशेब चुकतो.

सरावासाठी हॅरी पॉटर या शाळकरी जादूगाराची चित्रपटमालिका घ्यावी. हॅरीचा जन्म ३१ जुलै १९८०चा, तर त्याची भूमिका करणाऱ्या डॅनियल रॅडक्लिफचा २३ जुलै १९८९चा. पहिल्या भागाचे चित्रीकरण २००० साली सुरू झाले तेव्हा दोघेही ११ वर्षांचे होते. तिसऱ्या भागातही दोघे १३ वर्षांचेच भरतात. सहाव्या भागात मात्र १६ वर्षांच्या हॅरीसाठी १८ वर्षांचा नट आहे आणि जून २०१० मध्ये मुख्य चित्रीकरण संपले तेव्हा १७ वर्षांच्या हॅरीसाठी २० वर्षांचा. शाळेची सात वर्षे चित्रित व्हायला दहा वर्षे लागली, एवढाच याचा अर्थ.

यानंतर पात्रे एकमेकांशी ताडून पाहावीत. माझ्या मते खरी कसोटी हीच आहे. कथेत हॅरी आणि त्याचे मित्र रॉन व हर्मायनी या तिघांत हर्मायनी थोरली आणि हॅरी धाकटा. कलाकारांत मात्र रूपर्ट ग्रिंट (रॉन) थोरला आणि एमा वॉटसन (हर्मायनी) धाकटी. हा उलटा क्रम कोणालाही खटकत नाही, कारण तिघेही एकाच इयत्तेतले वाटतात. १४व्या वर्षी मरून भूत झालेली मर्टल शर्ली हेंडरसनने पस्तिशी उलटल्यावर साकारली, तीही पटते; भुताला वय विचारतो कोण?

मोठ्यांच्या बाबतीत मात्र गणित बिघडते. पहिल्या भागात हॅरीचा शिक्षक स्नेप ३१ वर्षांचा असायला हवा, तेव्हा ती भूमिका करणारे ॲलन रिकमन ५४ वर्षांचे होते. स्नेपचा वर्गमित्र असलेला हॅरीचा बाप जेम्स २१व्या वर्षी मारला गेला. पण पहिल्या भागात हॅरीला जादूच्या आरशात दिसणारा जेम्स साकारणारे एड्रियन रॉलिन्स तेव्हा ४२ वर्षांचे होते. सगळी पिढीच वयाने वर सरकवल्यामुळे ती पडद्यावर समवयस्क भासते खरी, परंतु जेमतेम विशी ओलांडलेले आईबाप गेल्याचा चटका बोथट होतो. सातव्या भागात त्यांच्या थडग्यावर १९६० आणि १९८१ ही साले स्पष्ट कोरलेली आहेत. ती वाचून पहिल्या भागातला आरशाचा प्रसंग पुन्हा पाहावा.