एजंट पैसे मागत नाही, एवढ्यावर सही करू नका

मुलांना जाहिरातीत किंवा अभिनयात काम मिळवून देतो म्हणून नोंदणी फी मागणाऱ्या एजन्सीपासून लांब राहायचं, हे आता बहुतेकांना माहीत असतं. ‘आधी आमच्या फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करून घ्या, मग मुलाचं नाव पुढे पाठवतो’ असं म्हणणारा माणूस एजंट नाही, तो फोटो विकतोय, हेही पालक ओळखतात. त्यामुळे यावर फार वेळ घालवत नाही. एजंटची कमाई मुलाच्या कमाईतून व्हायला हवी, काम झाल्यावर, ठरलेल्या टक्क्याने. त्याआधी तो ग्रूमिंगचे, वेबसाइटवर फोटो चढवण्याचे, ऑडिशनची जागा राखण्याचे, असे कुठल्याही नावाने पैसे मागत असेल तर उठा आणि बाहेर पडा. कॅलिफोर्नियात, म्हणजे खुद्द हॉलीवूड जिथे आहे तिथे, कलाकाराला काम मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे घेणं २०१० पासून बेकायदा आहे. ब्रिटननेही त्याच वर्षी मॉडेलकडून आगाऊ फी घेण्यावर बंदी घातली. तुमच्या समोरचा माणूस ‘या धंद्यात सगळीकडे असंच चालतं’ म्हणत असेल तर तो खोटं बोलतोय.

मला सांगायचंय ते याच्या पुढचं. मी शाळेत असल्यापासून या क्षेत्रात आहे आणि माझी उमेदीची काही वर्षं ज्या एजन्सीने अडवून ठेवली, तिने आमच्याकडून आगाऊ एक पैसाही घेतला नव्हता. आई-बाबांचा विश्वास बसला तो त्यामुळेच. ऑफिस नीटनेटकं, बोलणं गोड, भिंतीवर खऱ्याखुऱ्या जाहिरातींमधली मुलं. मेख होती ती करारात. आणि ती एका कलमात नव्हती, चार साध्या दिसणाऱ्या कलमांच्या जोडणीत होती. म्हणून ती सावकाश सांगते.

पहिलं कलम एक्सक्लुझिव्ह असण्याचं. त्यात मुळात वाईट काही नाही. एजंट मेहनत घेणार असेल तर मूल आपल्याकडेच असावं ही त्याची अपेक्षा रास्त आहे. पण ही एजन्सी काम करायची छापील जाहिरातींमध्ये आणि कॅटलॉगमध्ये. करारात मात्र अभिनय, नृत्य, आवाज, सूत्रसंचालन, ‘आणि पुढे येणारी सर्व माध्यमं’ असं लिहिलेलं होतं. जिथे त्यांची कुणाशी ओळखही नव्हती तिथल्या कामावरही त्यांचा हक्क. एका नाट्यदिग्दर्शकाने मला शाळेच्या स्पर्धेत पाहून थेट विचारलं, तर त्या मानधनातही त्यांचा वाटा. म्हणून ज्या प्रकारचं काम एजंट खरोखर मिळवून देतो, तेवढ्यापुरतंच त्याला बांधून घ्या. आणि जे काम मुलाने स्वतः मिळवलं त्यावर कमिशन नाही, हे वाक्य करारात लिहून मागा.

दुसरं कलम मुदतीचं. मुदत तीन वर्षं, आणि संपण्याआधीच्या तीस दिवसांत लेखी कळवलं नाही तर करार आपोआप पुढची तीन वर्षं चालू. लक्षात घ्या, आधी कळवलेलं चालत नव्हतं, नंतरचंही नाही. त्या तीस दिवसांच्या फटीतूनच बाहेर पडता येणार. लहान मुलाच्या बाबतीत तीन वर्षांचा करार हीच मुळात अन्यायाची गोष्ट आहे. दात पडतात, उंची वाढते, आवाज फुटतो, चेहरा बदलतो, आणि मुख्य म्हणजे आवड बदलते. एक वर्ष पुरे. पुढचं वर्ष दोघांनी पुन्हा सही केली तरच.

तिसरं कलम करार संपल्यानंतरच्या कमिशनचं. एजंटने ओळख करून दिलेल्या ग्राहकाकडून नंतर काम आलं तर काही काळ त्याला वाटा मिळावा, हेही मला मान्य आहे. पण ‘ओळख करून दिलेले’ म्हणजे कोण, याची यादी आमच्याकडे कधीच नव्हती, आणि ‘काही काळ’ किती हेही लिहिलेलं नव्हतं. मग प्रत्येक निर्माता त्यांच्या ओळखीचाच निघतो. यादी मागा, नावांसकट, आणि महिने आकड्यात लिहून घ्या.

चौथं कलम पैशाच्या वाटेचं. सगळं मानधन आधी एजन्सीच्या खात्यात, तिथून कमिशन कापून आमच्याकडे. किती दिवसांत, ते कुठेच नाही. निर्मात्याने मुळात किती दिले, हे दाखवणारा कागदही नाही. हातात आलेली रक्कम पाहून हिशोब मनातच लावायचा. चांगला एजंट प्रत्येक कामाचं मूळ बिल दाखवतो आणि पैसे आल्यापासून किती दिवसांत देणार ते कागदावर मान्य करतो. टक्का कमी-जास्त यावर पालक फार घासाघीस करतात. मी म्हणेन दोन टक्के जास्त द्या, पण मूळ बिल पाहायला मिळालंच पाहिजे.

आता ही चार कलमं एकत्र वाचा. काम मिळवून देण्याचं बंधन एजन्सीवर कुठेच नाही. तिने वर्षभर एकाही ऑडिशनला पाठवलं नाही तरी करार मोडत नाही. मूल मात्र दुसरीकडे जाऊ शकत नाही. म्हणून ‘इतक्या महिन्यांत एकही ऑडिशन आली नाही तर आम्ही मोकळे’ हे पाचवं कलम तुम्हीच घालायला सांगा.

इथे कुणीतरी हमखास सांगतं, ‘अहो, अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्या, मुलाचा करार कायद्याने टिकतच नाही, करा बिनधास्त सही.’ हा सल्ला अर्धवट आहे, म्हणून जास्त घातक आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, आणि अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल ठरतो हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९०३ मध्ये स्पष्ट केलं, इथपर्यंत खरं. पण ही गोष्ट दोन्ही बाजूंनी लागू होते. राज राणी विरुद्ध प्रेम अदीब हा मुंबई उच्च न्यायालयाचा जुना खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. एका अज्ञान मुलीला चित्रपटात घ्यायचं असं तिच्या वडिलांशी ठरलं, मग निर्मात्याने भूमिका दुसरीला दिली, आणि मुलीला त्या कराराच्या जोरावर काहीच मागता आलं नाही. कागद टिकत नाही तेव्हा तुमचं संरक्षणही टिकत नाही.

शिवाय प्रत्यक्षात कोर्टापर्यंत कोण जातं? माझ्या वेळी एजन्सीने फक्त एक ईमेल पाठवला, ‘ही कलाकार आमच्याशी करारबद्ध आहे.’ निर्मात्याकडे शूटिंगच्या तारखा लागलेल्या होत्या, त्याला कटकट नको होती, त्याने दुसरी मुलगी घेतली. कराराची ताकद कायद्यात असो वा नसो, अशा एका ईमेलमध्ये ती पुरेपूर असते. याचा राग मला अजूनही येतो.

घाबरून जाऊ नका मात्र. चांगले एजंट आहेत आणि त्यांना ओळखणं शक्य आहे. माझ्या आत्ताच्या एजंटने कराराचा मसुदा घरी नेऊन वकिलाला दाखवा असं स्वतःहून सांगितलं होतं. तुम्हीही मसुदा घरी न्यायला मागा. ‘आजच सही केली तर उद्याच्या ऑडिशनला पाठवतो’ असं उत्तर आलं, तर तिथेच विषय संपला. मुलाला खरोखर घ्यायचं असेल तर आठवडा थांबणं कुणालाही जमतं.

चौकशी कुणाकडे करायची? एजन्सीने दिलेल्या नावांकडे नाही, ती खूशच असणार. त्यांच्याकडून बाहेर पडलेल्या मुलांच्या पालकांना शोधा. त्यांना ‘कसे आहेत हो?’ असं विचारू नका. शेवटचं मानधन किती दिवसांनी मिळालं आणि सोडताना काय झालं, एवढंच विचारा. एजंटने आपल्या मुलांची कामं दाखवली तर ती जाहिरात, ती मालिका खरंच आली होती का ते पाहा, श्रेयनामावलीत नाव शोधा. आणि कास्टिंग डायरेक्टर व एजंट यांची गल्लत करू नका. कास्टिंग डायरेक्टर निर्मात्यासाठी माणसं शोधतो, त्याचे पैसे निर्माता देतो. त्याच्याकडे सेल्फ-टेप, म्हणजे ऑडिशनचा स्वतःच काढलेला व्हिडिओ, पाठवायला एजंट असावाच लागतो असंही नाही. सुरुवातीला कित्येक मुलं एजंटशिवायच काम करतात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

माझं एक ठाम मत आहे, कुणाला पटो न पटो. जो अभिनयाची शिबिरं घेतो तोच एजंट असू नये. शिकवणाऱ्याला मुलं वर्गात टिकवायची असतात. एजंटला मात्र ‘तू अजून तयार नाहीस’ हे तोंडावर सांगता आलं पाहिजे. ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे असली की मुलाला खरं कुणीच सांगत नाही. आणि स्वतःला मेंटॉर म्हणवून घेऊन कराराची भाषा निघताच दुखावला जाणारा माणूस तर नकोच. ‘आपल्यात कागद कशाला?’ हे वाक्य मी चांगल्या माणसाकडून कधी ऐकलेलं नाही.

फोटोंवर पैसे घालवू नका. खिडकीच्या उजेडात, साध्या कपड्यांत, मेकअप न करता फोनवर काढलेले चार-पाच फोटो सुरुवातीला पुरतात. महागडा पोर्टफोलिओ मूल वाढलं की निकामी होतो. फोटो कुठे, किती काळ आणि कोणत्या माध्यमात वापरणार, हे मात्र प्रत्येक कामाला विचारा. एका कंपनीच्या जाहिरातीत मूल दिसलं की तसल्याच दुसऱ्या वस्तूच्या जाहिरातीत त्याला घेत नाहीत, त्यामुळे ‘कायमस्वरूपी वापर’ हे दोन शब्द फार महाग पडतात.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात आणि स्पष्ट सांगते. मूल एकटं कुठेही जाणार नाही. मेसेज पालकांच्याच फोनवर येतील. अंग दाखवणारे फोटो ‘मापासाठी’ म्हणूनही पाठवायचे नाहीत. बंद खोलीतली ऑडिशन, पालक बाहेर, हे मान्य करायचं नाही. कॅलिफोर्नियात अज्ञान कलाकारांचं काम पाहणाऱ्या प्रतिनिधींची पार्श्वभूमी तपासून परवाना देतात. जिथे तशी सोय नाही तिथे ती तपासणी आपल्यालाच करावी लागते.

एजंटची परीक्षा घ्यायची तर त्याला नियम विचारा. भारतात चौदा वर्षांखालच्या बालकलाकारासाठी २०१७ पासूनचे नियम आहेत: दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, आणि कमाईचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायचा. हे ऐकून जो ‘ते कागदोपत्री असतं हो’ म्हणतो, तो उद्या सेटवर तुमच्या मुलाच्या बाजूने उभा राहणार नाही. आणि ही ठेवीची अट पालकांसाठीही आहे. चार्ली चॅप्लिनबरोबर लहानपणी काम केलेल्या जॅकी कूगनची कमाई त्याच्या आईने आणि सावत्र वडिलांनी संपवली. त्याला १९३८ मध्ये त्यांच्याविरुद्धच कोर्टात जावं लागलं, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या पैशांसाठी कायदा झाला.

ज्यांनी सही आधीच केली आहे त्यांनी आज करार काढून नोटिशीची तारीख शोधावी आणि फोनवर दोन महिने आधीची आठवण लावावी. नोटीस ईमेलने आणि रजिस्टर्ड पोस्टाने, दोन्हीकडून पाठवा. झालेल्या सगळ्या कामांची आणि थकलेल्या रकमांची यादी सोबत जोडा, आणि एजन्सीने कोणाशी ओळख करून दिली ती नावं लेखी मागा. भांडू नका, पण फोनवर तोंडी काही ठरवूही नका.

आणि मूल अठराचं होत आलं असेल तर विशेष जपा. वाढदिवसानंतर एजन्सी तोच जुना कागद पुढे करते, ‘नुसती औपचारिकता आहे, आता तू स्वतः सही कर.’ अज्ञान वयातला करार मोठं झाल्यावर नुसता मान्य करून जिवंत होत नाही, म्हणून त्यांना ही सही हवी असते. त्याला पूर्णपणे बांधणारा हा पहिलाच करार असतो. त्यातलं प्रत्येक कलम पुन्हा नव्याने ठरवायचा हक्क त्याला आहे.