ब्रिटनमधल्या कॉन्ट्रॅक्टरांसाठी: प्रवासखर्च आणि २४ महिने

स्वतःच्या लिमिटेड कंपनीतून काम करत असाल, तर घर ते क्लायंटचं ऑफिस हा प्रवासखर्च ती जागा ‘तात्पुरती’, म्हणजे साधारण २४ महिन्यांपर्यंतची, असेपर्यंतच करपात्र नफ्यातून वजा होतो.

१. प्रत्येक जागेची सुरुवातीची आणि अपेक्षित शेवटची तारीख एका शीटमध्ये लिहा.

२. मुदतवाढ आली की लगेच बेरीज करा. एकूण काळ २४ महिन्यांपुढे जाणार असं ज्या दिवशी कळलं, त्या दिवसापासून दावा बंद. २४ महिने भरेपर्यंत थांबायचं नाही. गफलत नेमकी इथेच होते.

३. हजेरीचे दिवसही नोंदवा. कामाचा ४० टक्क्यांहून कमी वेळ तिथे जात असेल, तर ही मर्यादा सहसा लागत नाही.

क्लायंट बदलला पण इमारत तीच, तर मोजणी नव्याने सुरू होत नाही. करार आयआर३५च्या (करापुरतं कॉन्ट्रॅक्टरला क्लायंटचा कर्मचारी मानणाऱ्या नियमाच्या) कक्षेत असेल, तर हा दावा करूच नका.