सैन्याच्या मापात बसण्यासाठी वजन कसं उतरवावं

सैन्याच्या मेडिकलमध्ये वजनकाटा आणि मोजटेप या अगदी साध्या वस्तू. पळण्यात पुढे असलेली, पुल-अपला कुणाला हार न जाणारी मुलंमुलीही त्यांच्यापाशी बाद होतात, आणि ते बघताना जीव तुटतो. कारण बहुतेकांच्या हातात वेळ होता. शेवटच्या दहा दिवसांत उपाशी राहिलं की भागेल, असं त्यांनी धरलं होतं. पोटाचा घेर असा उतरत नाही. त्याला किमान बारा आठवडे द्या, सोळा मिळाले तर फारच चांगलं.

१. आपल्याला कोणतं माप लागू आहे ते आधी बघा

प्रत्येक सैन्याचा नियम वेगळा. कुठे उंची आणि वयाच्या तक्त्यातलं वजन बघतात, कुठे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग), कुठे कंबरेचा घेर. अमेरिकी लष्करात पूर्वी पुरुषांची मान आणि पोट, स्त्रियांची मान, कंबर आणि नितंब मोजून सूत्राने चरबीची टक्केवारी काढत. २०२३ मध्ये त्यांनी बेंबीपाशी एकाच जागी माप घ्यायची पद्धत आणली. त्याच वर्षी तिथल्या हवाई दलाने कंबर भागिले उंची हे गुणोत्तर घेतलं आणि मर्यादा ०.५५ ठेवली. नियम असे बदलत राहतात, म्हणून मित्राने दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका. चालू अधिकृत सूचनेतला तक्ता उघडा, आपलं वय, उंची आणि पद यांच्या ओळीवर बोट ठेवा आणि आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

समजा उंची १७५ सेंमी आहे. गुणोत्तराची मर्यादा ०.५५ असेल, तर कंबर ९६ सेंमीच्या आसपास चालेल. बीएमआयची मर्यादा २५ असेल, तर १.७५ × १.७५ × २५, म्हणजे साधारण ७६.५ किलो. आता ८४ किलो असाल तर उतरवायचे आठ किलो. मर्यादेच्या काठावर पोचण्यापेक्षा एक-दोन किलो आणि दोन सेंमी आत राहायचं ठरवा. काट्याकाट्यांत फरक असतो, आणि मोजणारा हातही तुमच्या ओळखीचा नसतो.

२. टेप लावायला शिका

या पायरीवर मी हट्टाने थांबणार आहे, कारण घरी मोजलेली कंबर आणि मेडिकलला निघालेली कंबर यांत तीन-चार सेंमीचा फरक पडलेला मी पाहिला आहे. पँट जिथे बसते तो आपल्या कपड्याचा नंबर, कंबर नव्हे. अनेक जण पोटाच्या सर्वांत बारीक जागी टेप लावतात आणि खूश होतात. तुमचा नियम बेंबीपाशी मोजायला सांगत असेल, तर टेप बेंबीवरच हवी.

सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, आरशासमोर उघड्या अंगाने उभे राहा. पाय जवळ, हात सैल. शिवणकामाची न ताणणारी टेप घ्या. बेंबीवरून फिरवून आणलीत की आरशात बाजूने बघा, कारण पाठीमागे ती नकळत दोन बोटं खाली घसरलेली असते. ती जमिनीला समांतर करा. टेप कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. मग नेहमीसारखा श्वास सोडा आणि सोडून झाल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढू नका. मेडिकलला तसं करताना मोजणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं, आणि घरी केलंत तर फसवणूक तुमचीच होते. तीनदा मोजून सरासरी लिहा.

कंबर आठवड्यातून एकदा मोजा. वजन मात्र रोज सकाळी करून आठवड्याची सरासरी काढली तर चालेल. एका दिवसाच्या आकड्यावर आनंद किंवा दुःख मानू नका, पाण्यानेच किलोभर फरक पडतो.

३. उलटे आठवडे मोजा

आठवड्याला अर्धा किलो हा निभावणारा वेग. वजन बरंच जास्त असेल तर सुरुवातीला एक किलोपर्यंत ठीक. आठ किलोंना अर्ध्या किलोच्या हिशेबाने सोळा आठवडे लागतात. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी साठलेल्या असतात, म्हणजे रोजचं खाणं गरजेपेक्षा ५०० ते ६०० कॅलरींनी कमी असलं की हा वेग मिळतो.

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले तर हुरळून जाऊ नका. शरीर स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, ठेवतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं कमी केल्यावर आधी हे पाणी जातं. खरी चरबी त्यानंतर हळूहळू उतरते, आणि नेमकं तेव्हाच बरेच जण कंटाळून सोडतात.

४. ताट बदला, उपवास नको

सैन्यात नुसतं बारीक होऊन भागत नाही. त्याच सुमारास पळायचं असतं, जोर काढायचे असतात. उपाशी राहून वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात. मग काटा खूश, पण धावणं सेकंदांनी मागे पडतं. म्हणून प्रथिनं आधी ठरवा: शरीराच्या प्रत्येक किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅम. ८४ किलोच्या माणसाला साधारण १३० ग्रॅम. डाळी, कडधान्यं, अंडी, दही, मासे, चिकन यांतलं जे तुम्ही खाता ते प्रत्येक जेवणात असू द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच.

अर्धं ताट भाज्यांचं, पाव प्रथिनांचं, पाव धान्याचं, एवढं डोळ्यांनी मोजता आलं तरी पुरे. गोड पेयं, दारू आणि तळण या तिन्हींना या सोळा आठवड्यांत सुट्टी द्या. तेल चमच्याने मोजून घाला. एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात, आणि हाताने ओतलेलं तेल कधीच एक चमचा नसतं. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय पुरुषांनी दिवसाला १५०० आणि स्त्रियांनी १२०० कॅलरींच्या खाली जाऊ नये. मुलींची पाळी लांबली किंवा थांबली, तर खाणं कमी पडतंय हे समजा आणि डॉक्टरांना भेटा.

५. व्यायाम: पळणं एकटं पुरत नाही

आठवड्यातून तीनदा ताकदीचा व्यायाम करा: बैठका, जोर, पुल-अप, जमत असेल तर वजनं. खाणं कमी असताना स्नायू टिकवायला हाच आधार असतो. तीन-चार दिवस पळा. वजन जास्त असेल तर सुरुवातीचे काही आठवडे भराभर चालणं, सायकल किंवा पोहणं ठेवा. नडगी दुखायला लागली की महिना वाया जातो. पळण्याचं अंतर हळूहळू, आठवड्याला साधारण दहा टक्क्यांनीच वाढवा.

पोटाच्या व्यायामाने पोटावरची चरबी जात नाही. स्नायू बळकट होतात, ते हवेतच, पण कंबर उतरते ती सगळ्या शरीराची चरबी उतरताना. कुठली आधी जायची हे शरीर ठरवतं. पोटाला प्लास्टिक गुंडाळून पळणारे फक्त घाम गाळतात.

झोप सात-आठ तास. अपुऱ्या झोपेत भूक वाढते.

६. काटा अडला तर

दोन-तीन आठवडे सरासरी हलली नाही तर आधी टेप बघा. वजन तेवढंच आणि कंबर एक सेंमी कमी असेल, तर काम चालू आहे. दोन्ही अडले असतील तर एक आठवडा तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट लिहा, चहातली साखर आणि चाखून बघितलेला घाससुद्धा. हलक्या झालेल्या शरीराला ऊर्जाही कमी लागते, म्हणून रोजच्या १५०-२०० कॅलरी आणखी कमी करा किंवा अर्धा तास चालणं वाढवा.

७. शेवटचा आठवडा

हे मनापासून सांगतो: पाणी तोडू नका, लघवी वाढवणाऱ्या किंवा जुलाबाच्या गोळ्या घेऊ नका, गरम खोलीत जाड कपडे घालून घाम काढू नका. १९९७ च्या शेवटी अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीचे तीन खेळाडू काही आठवड्यांच्या अंतराने अशाच प्रकारे वजन उतरवताना दगावले. तरणीताठी, रोज सराव करणारी मुलं होती ती. पाणी कमी झालं की रक्त दाटतं, शरीराचं तापमान चढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात.

त्याऐवजी नवं काही खाऊ नका. पोट फुगवणारे पदार्थ आणि खूप खारट टाळा, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. आदल्या दिवशी कसून व्यायाम करू नका, कारण दुखावलेले स्नायू पाणी धरून ठेवतात. मोजणीच्या सकाळी शौचाला जाऊन या आणि परवानगी असेल तेवढे हलके कपडे घाला. सरळ उभे राहून नेहमीसारखा श्वास सोडा. टेप तिरकी लागल्याचं जाणवलं तर नम्रपणे पुन्हा मोजायची विनंती करा.

एवढं करूनही माप बाहेर गेलं, तर निघण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या: नेमका आकडा, तो कुठे मोजला, आणि पुनर्तपासणीची मुदत मिळते का, किती दिवसांची. दोन सेंमी उतरवायचे असतील आणि सहा आठवडे हातात असतील, तर त्याच संध्याकाळी वहीचं नवं पान उघडून वरची तिसरी पायरी पुन्हा मांडा.