टायपिंगचा क्लास लावताय? मग हे वाचून जा

बारावीचा निकाल लागला की मला एक प्रश्न हमखास येतो. कोरेगाव, रहिमतपूर, मेढा अशा भागातून कामासाठी साताऱ्यात आलेले पालक ऑफिसात भेटतात आणि जाता जाता विचारतात, "ताई, पोरीला टायपिंगला घालू का? आता मोबाइलवर बोललं की आपोआप टाइप होतंय म्हणे, मग कशाला सहा महिने घालवायचे?"

मी म्हणते, घाला. मोबाइल बोललेलं टाइप करतो हे खरंच आहे, मीही घरी वापरते. पण त्याच मोबाइलला एकदा खरेदीखताचा मजकूर सांगून बघा. गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आर, आकार म्हणजे शेतसारा रुपये-पैसे, चतुःसीमा, पूर्वेस अमक्याची जमीन, दक्षिणेस ओढा. आडनावं आणि गावांची नावं तो ऐकेल तशी लिहितो आणि 'आर'चं काय करेल याचा नेम नाही. मग ते दुरुस्त करायला कीबोर्डवर बसावंच लागतं, आणि दोन बोटांनी शोधत शोधत दुरुस्त करणाऱ्याचा वेळ सरळ टाइप करणाऱ्यापेक्षा जास्त जातो. ज्या मजकुरात एक आकडा चुकला तर भाऊबंदकी उभी राहते, तिथे बसलेल्या माणसाची बोटं कीबोर्डवर तयारच लागतात.

मी स्वतः नव्वदच्या दशकात राजवाड्याच्या बाजूला एका इन्स्टिट्यूटमध्ये मशीनवर शिकले. मशीन म्हणजे टाइपरायटर, दुसरं नाव आम्ही कधी घेतलं नाही. नंतर कोर्टाजवळ एका वकिलांकडे दावे, कैफियती, नोटिसा टाइप केल्या आणि पुढे लिपिक-टंकलेखक म्हणून नोकरीला लागले. आता माझ्या टेबलावर मशीन नाही. पण नवीन लागलेल्या मुलांना शेजारी बसवून काम दाखवते तेव्हा जाणवतं की कीबोर्ड अजून मशीनच्याच सवयी मागतो. त्या सवयी कोणत्या, हे सांगण्यासाठीच एवढं लिहिते आहे.

पहिला धडा सगळीकडे एकच. डावा हात ए एस डी एफ जी एफ, उजवा हात सेमीकोलन एल के जे एच जे. पानंच्या पानं हेच. आमच्या बॅचला पंचवीस-तीस मशीन एकदम चालायची आणि बाहेर रस्त्यावर उभं राहून बोलणंही कठीण व्हायचं. कंटाळून पळून जाणारे याच आठवड्यात पळायचे. तुम्ही पळू नका. एफ आणि जे या दोन कळांवर बारीक उंचवटा असतो, तो डोळे न लावता बोटं जागेवर आणण्यासाठी. त्या उंचवट्यावर तर्जनी ठेवून नजर कागदावर, हे ज्याला जमलं त्याचं अर्धं टायपिंग झालं. उरलेलं अर्धं सरावाचं.

मशीनवर एक सोय होती जी आता नाही. कळ जितक्या जोरात दाबाल तितकं अक्षर गडद उमटायचं. डावी करंगळी सगळ्यांची कच्ची, त्यामुळे पानभर 'ए' फिकट दिसायचा. आमचे सर कागद उजेडाकडे धरून सांगायचे, कुणाची करंगळी अजून झोपली आहे. कॉम्प्युटरवर सगळी अक्षरं सारखीच काळी. म्हणून तुम्ही स्वतः एक काम करा. सरावानंतर चुकलेले शब्द वहीत उतरवून ठेवा आणि प्रत्येक चुकीची कळ कोणत्या बोटाची हे बघा. आठवडाभरात एखाददुसरं बोटच गुन्हेगार निघतं. मग सगळ्या धड्यांऐवजी त्या बोटाचेच शब्द काढून घासा.

दुसरी गोष्ट बॅकस्पेसची. मशीनचा बॅकस्पेस खोडत नव्हता, फक्त एक घर मागे न्यायचा. वकिलांकडे एक मूळ आणि खाली कार्बन लावून तीन प्रती निघायच्या. चूक झाली तर प्रत्येक कार्बनमागे कागदाचा तुकडा सरकवायचा, मूळ प्रत खोडरबराने किंवा ब्लेडच्या कडेने हलक्या हाताने खरवडायची, मग प्रत्येक प्रत वेगळी खोडायची, तुकडे काढायचे आणि त्याच जागी पुन्हा अक्षर मारायचं. एका चुकीला एवढा खटाटोप असल्यावर चूक करायचीच नाही हे बोटांनाच कळायचं. आजची मुलं मिनिटाला साठ शब्दांच्या वेगाने टाइप करतात आणि त्यातले वीस शब्द खोडण्यात घालवतात. घरी सराव करताना बॅकस्पेसची कळ वर्ज्य समजा. चूक झाली, होऊ द्या, पुढे जा, शेवटी मोजा. वेग आपोआप खाली येईल आणि मग टिकाऊ होऊन वर जाईल.

तिसरी गोष्ट लयीची. मशीनमध्ये अक्षरांच्या दांड्या असतात. दोन कळा घाईत जवळजवळ एकत्र दाबल्या की दांड्या एकमेकींत अडकायच्या आणि हाताने सोडवाव्या लागायच्या. बोटांना शाई, वर सरांची नजर. म्हणून एकसारख्या ठोक्याने मारायची सवय लागली. इंग्रजीत पाच ठोक्यांचा एक शब्द धरतात, म्हणजे चाळीसचा वेग म्हटलं तर मिनिटाला २०० ठोके, सेकंदाला तीनपेक्षा थोडे जास्त. ऐकायला भयंकर वाटत नाही, आणि नाहीच. सोपा शब्द आला की धावायचं आणि अवघड आला की थबकायचं, याने वेग बुडतो.

कळांचा हा क्रम आला कुठून, हे मुलं विचारतात. अमेरिकेत क्रिस्तोफर शोल्स आणि त्याच्या साथीदारांनी १८६८ मध्ये टाइपरायटरचं पेटंट घेतलं आणि रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये मशीन विकायला काढलं. त्यावर जवळपास हाच क्रम होता, पण फक्त मोठी अक्षरं होती. १८७८ च्या नव्या मॉडेलमध्ये शिफ्टची कळ आली, ती दाबली की कागदाचा गाडाच जागेवरून हलायचा आणि त्याच दांडीवरचं दुसरं अक्षर उमटायचं. अक्षरं अशी विखुरलेली का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. दांड्या अडकू नयेत म्हणून, हे उत्तर सगळे ठोकून देतात, पण त्यालाही आक्षेप आहेत. आपल्याला त्याचं काय? दीडशे वर्षं लोकांची बोटं त्यावर बसली, आता कुणी बदलणार नाही.

मशीनचं आणखी बरंच काही आपण रोज वापरतो. तक्ता काढायला मशीनवर टॅबच्या खुणा लावाव्या लागत, ती टॅबची कळ आजही डाव्या हाताला आहे. ओळ संपायला सहा-सात अक्षरं उरली की घंटी वाजायची, मग लिव्हर ओढून गाडा उजवीकडे न्यायचा. ते काम आता एंटर करतो. नावाखाली रेघ मारायची तर बॅकस्पेसने मागे यायचं आणि अंडरस्कोर मारत पुढे जायचं. ती कळ त्यासाठीच होती, आता ईमेलच्या पत्त्यात खपते. ईमेलमधलं 'सीसी' तर सरळ आमच्या कार्बन प्रतीवरूनच आलं.

आणि सातारकरांनी एक लक्षात ठेवावं. गोदरेजने १९५५ मध्ये भारतात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली, आणि त्यांचा टाइपरायटरचा कारखाना पुढे आपल्या जिल्ह्यात, शिरवळला होता. २००९ पर्यंत वर्षाला दहा-बारा हजार मशीन निघत होती, मग मागणी आटली. तिथे आता फ्रिज बनतात. २०११ मध्ये 'जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद' अशी बातमी परदेशी वर्तमानपत्रांनीही छापली. ती तितकीशी खरी नव्हती, दुसरीकडे काही ठिकाणी मशीन बनतच होती. पण खंबाटकी उतरून पुण्याला जाताना शिरवळ लागलं की मला अजून मशीनच आठवतं, फ्रिज नाही.

आता मराठीकडे येऊ, कारण गोंधळ सगळा इथे होतो.

मशीनवर मराठी अक्षरं दिसतात त्या क्रमाने मारायची. 'विनंती' लिहायचं तर आधी पहिली वेलांटी, मग व. 'अर्ज' लिहायचं तर अ, ज आणि शेवटी वर रफार. काना नसलेलं अर्धं अक्षर आणि काना वेगळा, असं बरंच जोडकाम असायचं. मात्रा, अनुस्वार, रफार या कळांना गाडा पुढे सरकत नसे, म्हणून त्या आधीच्या अक्षरावर बसायच्या. कॉम्प्युटरवर ही पद्धत रेमिंग्टन कीबोर्ड म्हणून तशीच आली. जुने टंकलेखक आणि डीटीपीवाले, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवणारे, यावरच वेगवान आहेत.

दुसरा कीबोर्ड इन्स्क्रिप्ट. हा सरकारने प्रमाण ठरवलेला आणि विंडोज, लिनक्स, मोबाइल सगळीकडे फुकट मिळतो. यात उच्चाराच्या क्रमाने लिहायचं. 'विनंती'त व आधी, वेलांटी नंतर. 'अर्ज'मध्ये अ, र, हलन्त (अक्षराचा पाय मोडायची कळ), ज. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. 'सातारा' लिहून बघा. स, त आणि र उजव्या हाताने, तिन्ही काने डाव्या हाताच्या एकाच बोटाने, त्यामुळे उजवा-डावा-उजवा-डावा असा हात चालतो. शिफ्टबरोबर ल दाबला की ळ, र दाबला की 'साताऱ्यात'मधला ऱ. मराठी माणसाची खरी अडचण याच दोन अक्षरांची असते, ती इथे सरळ सुटते.

तिसरी पद्धत इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची, म्हणजे फोनेटिक. गप्पा मारायला छान आहे. नोकरीसाठी त्यावर विसंबू नका, वेगाच्या परीक्षेत ती चालेलच असं नाही आणि स्पेलिंगचा विचार करता करता लय मोडते.

माझं मत विचाराल तर, कोरी पाटी असेल आणि जाहिरात किंवा परीक्षा आडवी येत नसेल तर इन्स्क्रिप्ट शिका. क्लासमध्ये रेमिंग्टन शिकवत असतील तर तेच नीट शिका, पण फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसेल अशा पद्धतीत, सेव्ह करायची सवय लावा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेलं पत्र दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, आणि तुमचं काम कितीही चांगलं असलं तरी साहेबांना तीच दिसते. एकाच वेळी दोन मराठी कीबोर्ड मात्र शिकू नका. बोटांचा घोळ होतो आणि तो निस्तरायला नव्याने शिकण्यापेक्षा जास्त त्रास पडतो.

परीक्षेचं थोडक्यात. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे, शासकीय टायपिंगच्या परीक्षा घेते. आमच्या वेळी मशीनवर व्हायच्या आणि केंद्रावर मशीनसुद्धा आपणच न्यायची. टेम्पोत, रिक्षात, कुणी सायकलच्या कॅरिअरला दोरीने बांधून आणायचा. आता परीक्षा कॉम्प्युटरवर आहे. वेगाच्या उताऱ्याबरोबर पत्र, तक्ता, ईमेलही असतं. मुलं फक्त वेगाच्या मागे लागतात आणि तक्त्यात गुण घालवतात, तसं करू नका.

लिपिक-टंकलेखक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग लागतो. जिल्हा न्यायालयात लिपिक व्हायचं तर मराठी ३० आणि इंग्रजी ४० दोन्ही. म्हणून मी सांगते, आधी मराठी थर्टी काढा, त्यानंतर इंग्रजी थर्टी आणि लगेच फॉर्टी. मध्ये वर्षभर खंड पडला की पुन्हा श्रीगणेशा. आणि प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे झालं, असं नाही. अनेक भरतींत टंकलेखनाची चाचणी वेगळी घेतली जाते, तिथे प्रमाणपत्र बोटांच्या जागी टाइप करत नाही.

ज्यांना भाषेची आवड आहे आणि कान तयार आहेत त्यांनी लघुलेखनाचा, म्हणजे शॉर्टहँडचा, जरूर विचार करावा. लघुटंकलेखकाला लघुलेखनाचा वेग ८०, निम्नश्रेणी लघुलेखकाला १००, उच्चश्रेणीला १२० शब्द लागतात. वाट लांबची आणि कष्टाची आहे, पण म्हणूनच गर्दी कमी.

क्लास निवडताना फीपेक्षा आधी एक तास नुसतं बसून बघा. शिकवणारे मुलांच्या हाताकडे बघतात का? पहिल्या महिन्यात कळा न बघता मारायला लावतात का? की कॉम्प्युटर चालू करून देऊन बाहेर चहाला जातात? 'पासची हमी' असा बोर्ड असेल तर मी तरी पायरी चढणार नाही. शक्यतो सकाळची बॅच घ्या. संध्याकाळी पाचनंतर एसटी स्टँडच्या बाजूने पोरांचा जो लोंढा असतो त्यात बाहेरगावच्या मुलीची गाडी चुकते, आणि गाडी चुकायला लागली की क्लास चुकायला लागतो.

सरकारी नोकरीशिवायही कामं आहेत. वकिलांची ऑफिसं, दस्तलेखक, छापखाने, ध्वनिमुद्रित भाषणं आणि मुलाखती उतरवून देणं, अनुवाद. मराठी शुद्ध आणि हात स्वच्छ असेल तर काम शोधत येतं. 'घरबसल्या टायपिंग करा, महिन्याला इतके कमवा, आधी नोंदणीचे पैसे भरा' अशा जाहिरातींना मात्र एक रुपयाही पाठवू नका. टायपिस्टला पैसे मिळतात, टायपिस्ट पैसे भरत नाही.

परीक्षेचा फॉर्म भरताना नाव, वडिलांचं नाव, आडनाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे तंतोतंत लिहा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी गॅझेटची किंवा विवाह नोंदणीची प्रत आधीच काढून ठेवा, कागदपत्रांच्या पडताळणीत सगळ्यात जास्त फेऱ्या त्यासाठीच होतात.